वरच्या काकूंची ओल

आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीवर ओल होती, आणि त्या ओलीवरून वरच्या मजल्यावरच्या काकूंशी माझं भांडण होतं. दोन्ही गोष्टी इतक्या जुन्या की आधी काय आलं, ओल की भांडण, हे आता आमच्या सोसायटीत कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. डोंबिवलीत पूर्वेला, बिनलिफ्टच्या इमारतीत जन्म काढलेल्या माणसाचं असं एक तरी भांडण असतंच. नसलं तर सोसायटीच्या वार्षिक सभेत उठून बोलायचं काय?

काकू मूळच्या तळकोकणातल्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, पण आवाज असा की त्यांनी वरून भाजीवाल्याला हाक मारली तर समोरच्या इमारतीतल्या बायका पिशव्या घेऊन खाली उतरत. त्यांचं बाथरूम, त्यांच्या भाषेत न्हाणी, बरोबर आमच्या मागच्या खोलीच्या डोक्यावर. मी कल्याणच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत असे. त्यातही तर्कशास्त्र जास्त, कारण मुलांना मार्क त्यात मिळत. त्यामुळे ओल त्यांच्या न्हाणीतूनच येते हे मी त्यांना जिन्यात उभं राहून, एकेक पर्याय बाद करत, सिद्ध करून दाखवायचो.

"पावसाचां पाणी असतलां, सर."

"काकू, मे महिना आहे."

"मग टाकीचां."

"टाकी पलीकडच्या विंगवर आहे."

"मग तुमच्या भिंतीचोच काय तरी दोष असतलो," असं म्हणून काकू दार लावून घेत. तर्कशास्त्रात या उत्तराला काय म्हणतात ते मला माहीत होतं, पण बंद दाराला ऐकवून उपयोग नव्हता.

माझी बायको शाळेत चित्रकलेची शिक्षिका होती. मुलांना ग्रेडच्या परीक्षांना बसवायचं, त्यासाठी स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटून घ्यायचं, यात तिची सगळी नोकरी गेली. एक तांब्या, शेजारी दोन वांगी, मागे चुण्या पडलेला पडदा. तांब्या कुठे, उजेड कुठून, सावली केवढी, सगळं आधीच ठरलेलं. गॅदरिंगला शाळेच्या व्हरांड्यात पोरांची चित्रं ओळीने टांगायची, आणि कार्यक्रम संपला की टाचण्या काढून डबीत भरायच्या. निवृत्त झाली त्या दिवशी हार आणि नारळ टेबलावर ठेवून ती म्हणाली, "आता मी असं चित्र काढणार, की ते शेवटी काय होणार हे मला आधी माहीत नसेल."

"मग ते चित्र कसं? तो अपघात झाला," मी म्हटलं.

"असू दे. चांगला अपघात करीन."

तिने मागच्या खोलीत बस्तान मांडलं. रंग पाण्यासारखा पातळ करायचा, कॅनव्हासवर ओतायचा, कॅनव्हास दोन्ही हातांनी उचलून इकडे तिकडे कलता करायचा, रंग कुठे जातो ते बघत बसायचं. मग कधी फडक्याने टिपायचा, कधी स्वयंपाकघरातल्या जुन्या उलथन्याने खरवडायचा. चित्रांत वांगी नाहीत, तांब्या नाही, काहीच नाही. नुसते डाग, त्यांच्या कडा, कडांच्या आत आणखी कडा. पण बघत राहावंसं वाटे, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. अर्थात तोंडावर नाही.

तोंडावर मी वाद घालायचो. जेवायला बसल्यावर, कारण तेव्हा ती उठून जाऊ शकत नसे.

"हे तू काढलंस की पाण्याने?"

"दोघांनी."

"पाणी उताराने गेलं. त्याला दुसरीकडे जाताच आलं नसतं. म्हणजे ती झाली अनिवार्यता. तू कॅनव्हास कुठे कलवलास ते तुझ्या लहरीवर, म्हणजे तो झाला योगायोग. मग या दोघांत चित्रकार कुठे आहे?"

"चित्रकार भाकरी थापतेय. ताट पुढे करा."

वर्गात मी हा विषय फार रंगवून शिकवत असे. आपल्याकडच्या जुन्या विचारवंतांनी जग कशामुळे चालतं याची जी उत्तरं दिली, त्यांत नियती आहे आणि यदृच्छाही आहे. एक म्हणते, हे असंच होणार होतं. दुसरी म्हणते, झालं आपलं. मी मुलांना सांगायचो की यदृच्छा म्हणजे विनाकारण नव्हे. एक माणूस कोथिंबीर आणायला बाजारात जातो, त्याला कारण आहे. त्याचा शाळेतला मित्र चष्मा दुरुस्त करायला त्याच बाजारात येतो, त्यालाही कारण आहे. दोघं समोरासमोर येतात, त्या येण्याला मात्र वेगळं कारण नाही. कारणांच्या दोन रांगा एकमेकींना न विचारता एका ठिकाणी येऊन उभ्या राहिल्या, की आपण त्याला योगायोग म्हणतो. एकदा मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "सर, म्हणजे शेअर रिक्षा!" सगळे आपापल्या कारणाने निघालेले आणि एकाच रिक्षात कोंबलेले. मी त्याला वर्गाबाहेर काढलं आणि पुढच्या वर्षापासून तोच दाखला माझा म्हणून सांगू लागलो.

बायकोला मात्र शेअर रिक्षा पुरेशी वाटली नाही. ती म्हणाली, "तुमचं सगळं घडून जाईपर्यंतचं आहे. मला घडल्यानंतरचं बघावं लागतं. डाग पडायच्या आधी कुठेही पडू शकतो. पण एकदा पडला की बाकीचं सगळं चित्र त्याच्याशी बोलायला लागतं. मग तो काढता येत नाही. काढला तर चित्र मरतं."

"म्हणजे योगायोग नंतर अनिवार्य होतो, असं तुला म्हणायचंय? यावर फार मोठा आक्षेप आहे, बरं का."

"दूध उतू जातंय," ती म्हणाली. ते खरंच जात होतं.

आता इथे माझ्या अकलेचा एक नमुना देतो. तिने ईझल उभा केला तो नेमका त्या ओलीच्या भिंतीसमोर. मी अनुमान काढलं, की पाहुण्यांना ओल दिसू नये म्हणून ती आडोसा करते आहे. मी त्या भिंतीला कपाट लावू या म्हटलं तर तिने ठाम नकार दिला. मी अनुमान काढलं, कपाट सर्दावेल म्हणून. पावसाळ्यात ओल पसरली, हिवाळ्यात सुकून तिच्या कडेला पिवळट पांढरी झालर आली, की ती पेन्सिल घेऊन भिंतीवर त्या कडेने हलकी रेघ मारून ठेवायची. वर्षावर्षाच्या रेघा एकीबाहेर एक, समुद्राच्या लाटा मागे सरताना वाळूवर ठेवतात तशा. मी अनुमान काढलं, ही सोसायटीकडे तक्रार करायला पुरावा गोळा करते आहे! मला भरून आलं. माझ्या भांडणात माझी बायको इतक्या चिकाटीने माझ्या बाजूने उभी आहे, म्हणून मी त्या रेघांचे फोटो काढून सेक्रेटरींना पाठवले.

आणि पाहुणे आले की त्यांना तिच्या चित्रांसमोर उभं करून सांगायचो, "यात बाहेरचं काहीच नाही. नाम आणि रूप यांच्या पलीकडचं आहे हे." तेव्हा स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजायची. मला वाटायचं, लाजली.

तर झालं असं, की तिच्या दोन जुन्या मैत्रिणींनी आणि तिने मिळून ठाण्यात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत एक छोटं कलादालन आहे, ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात मिळालं. ती त्या दिवसापासून बदललीच. चालताना गुणगुणायची. एकदा मला म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्यांचीच टांगली हो. आता माझी टांगायची." मधल्या भिंतीसाठी तिने एक मोठा कॅनव्हास घेतला होता. तो दारातून आत आणताना माझा अंगठा चेंगरला होता, म्हणून नीट लक्षात आहे. ते चित्र वरून खाली येत येत अर्ध्याहून जास्त झालं होतं. उजवा खालचा कोपरा तेवढा कोरा होता. "तो सावकाश येईल," ती म्हणायची. मी मान डोलवायचो, जणू मला कळलंय.

त्याच सुमारास आमच्या मुलीने माजिवड्याला नव्या टॉवरमध्ये घर घेतलं आणि सामान लावायला आईला बोलावून घेतलं. त्याच सुमारास वरच्या काकू न्हाणीत घसरता घसरता वाचल्या, आणि त्यांच्या मुलाने घाबरून सगळी न्हाणी फोडून नवीन करून घेतली. पाणी वाहून जायचा जुना ट्रॅप गेला, पाइप बदलला, नवी खडबडीत लादी बसली. इतकी वर्षं माझ्या तर्काने जे झालं नव्हतं ते काकूंच्या पाय सरकण्याने झालं. गळती बंद. आणि घरात मी एकटा, दिवाळी तोंडावर.

बघा, रिक्षा कशी भरत चालली होती ते.

मी ठरवलं, बायको यायच्या आत मागची खोली नवी करायची. सरप्राइज. वॉटरप्रूफिंगवाला बोलावला. त्याच्या माणसांनी भिंत खरवडली, पोपडे निघाले, आतला जुना निळा, त्याच्या आतला पिस्ता, सगळे रंग खाली पडले. मग केमिकल, पुट्टी, प्रायमर, आणि वर दोन हात पांढऱ्याशुभ्र रंगाचे. खरवडायच्या आधी त्यांच्यातल्या एकाने विचारलं होतं, "सर, हे पेन्सिलीचं काय लिहिलेलं आहे, ठेवायचं का?"

"छे! आता पुरावा कशाला? आपण केस जिंकलो," मी म्हणालो, आणि त्याला स्वतःच्या हाताने चहा दिला.

ती आली. मी तिला दारातच डोळे मिटायला लावले, हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि "आता बघ" म्हटलं. तिने बघितलं. भिंत दुधासारखी. खिडकीतून येणारं ऊन तिच्यावर पडून खोली दुप्पट मोठी वाटत होती.

"छान झालं," ती म्हणाली.

चाळीसेक वर्षांच्या संसारात मी तिचं "छान" बऱ्याच प्रकारचं ऐकलं आहे. हे त्यांतलं कुठलंच नव्हतं.

"रेघा?" तिने विचारलं.

"गेल्या. सगळं साफ. बोट फिरवून बघ, दाणासुद्धा लागणार नाही."

ती पिशवी हातात तशीच धरून पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "अहो, मी त्या भिंतीकडे बघून रंगवत होते."

"कुठलं?"

"सगळं."

"पण ती चित्रं तर अमूर्त आहेत!" मी म्हणालो. माणूस बुडताना काय वाट्टेल ते धरतो.

"मग ओल काय मूर्त होती?"

मग तिने सांगितलं. जशीच्या तशी उतरवत नव्हती ती. पण ओल कुठे थांबली, कुठे वळली, कडेला खार कसा धरला, ते रोज बघायची आणि त्याच्याशी चढाओढ केल्यासारखं रंग ओतायची. ओल काय करणार हे तिला ठरवता येत नव्हतं, मला नव्हतं, काकूंनाही नव्हतं. घरात तेवढी एकच गोष्ट होती जिचं वेळापत्रक कुणीच लावलेलं नव्हतं. "मला वाटलं होतं, कधी ना कधी तुमच्या लक्षात येईल," ती म्हणाली. "तुम्ही निरीक्षण आणि अनुमान शिकवायचात ना."

"सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाहुण्यांना सांगितलं असतं."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मला एकदम आठवलं, फोटो आहेत! सेक्रेटरींना पाठवलेले. मी मोबाइल तिच्या पुढे धरला. तिने एकेक बघितला आणि परत दिला. "हे तक्रारीचे फोटो आहेत. यात ती गुन्हेगारासारखी दिसते," म्हणाली.

मोठा कॅनव्हास तिने उलटा करून भिंतीला टेकवला. दोन दिवसांनी फोनवर मैत्रिणीला सांगताना ऐकलं, "तुमच्या दोघींच्या चित्रांनी दालन छान भरेल गं. माझं या खेपेला राहू दे. मधलं चित्रच नाही, तर बाकीची कशाला?" आवाजात काहीच नव्हतं. ना राग, ना रडू. टाचण्या डबीत भरतानाचा आवाज होता तो.

ती मला ओरडली असती तर मी चार दिवसांत सगळं विसरलो असतो. पण तिने मला नेहमीसारखा वाटीत चिवडा भरून दिला, औषधाची आठवण करून दिली, आणि मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

तेव्हा मी निर्णय घेतला. ओल परत आणायची.

ती सकाळी बायकांच्या फिरायच्या ग्रुपबरोबर बाहेर पडली की मी कामाला लागायचो. आधी भिंतीवर तांब्याभर पाणी मारलं. त्या रंगाची जाहिरात खोटी नव्हती. थेंब घरंगळत खाली आले आणि भिंत कोरडीठाक उभी. मग फुलझाडांवर मारायच्या पिचकारीने फवारा मारला. मग चहाचा गाळ उकळून केलेलं पाणी ब्रशने शिंपडलं. ते बघून कुणी पान खाऊन थुंकलंय असं वाटायला लागलं, म्हणून घाईघाईने पुसलं. इतकी वर्षं मी वर्गात योगायोगाबद्दल बोललो होतो, पण तो घडवून आणायला इतकी तयारी लागते हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शेवटी मी माळ्यावरून तांदळाचं जुनं गोणपाट काढलं, चहाच्या पाण्यात भिजवलं आणि खिळ्यांनी खाली उजवीकडे भिंतीवर ठोकलं. वर एक बाटली उलटी टांगली, थेंब थेंब गळेल अशी. ओल सावकाश मुरायला हवी. निसर्गाला वेळ द्यायला हवा.

निसर्गाने वेळ घेतला. बायकोने घेतला नाही. ती फिरून लवकर परतली, कारण ग्रुपमधल्या कुणाची तरी चप्पल तुटली होती. मी स्टुलावर, हातात हातोडी.

"हे काय?"

मी गोणपाट काढलं. खाली एक तपकिरी डाग उमटला होता. स्पष्ट. चारही बाजू असलेला.

"ओल," मी म्हणालो.

"चौकोनी?"

"सुरुवात आहे. पुढे पसरेल."

तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, आता रडते आहे. पण ती हसत होती, इतकी की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "अहो, एक बाजू फूटपट्टीने मोजलीत का?" असं म्हणून पुन्हा हसली. ते हसू बघून मला बरं वाटलं, पण मोठा कॅनव्हास उलटाच राहिला. हसणं वेगळं आणि चित्र वेगळं, एवढं मला एव्हाना कळायला लागलं होतं.

उरला एकच उपाय. मी जिना चढलो आणि काकूंचं दार वाजवलं.

"काकू, एक विनंती आहे. जरा गळती परत सुरू करता येईल का?"

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आत वळून ओरडल्या, "अरे, सरांका जरा पाणी दी रे, बरां वाटत नाय तेंका!"

मी सगळी हकिकत सांगितली. त्या ऐकून घेईपर्यंत माझं दोनदा पाणी पिऊन झालं. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे ती चित्रां काढता ती... आमच्या न्हाणीची?"

"तशी न्हाणीची नाहीत. तुमच्या गळतीची."

"चला, बघया," म्हणाल्या, आणि मला मागे टाकून खाली उतरल्या. भांडणामुळे आमच्या घरात त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या.

बायको दाराशी आली, दोघींनी एकमेकींकडे बघितलं, मग बायकोने एकेक चित्र काढून त्यांच्यापुढे मांडलं. शेवटी तो मोठा कॅनव्हासही सरळ केला. काकू पलंगावर बसून पुढे वाकून बघत राहिल्या. मी नाम-रूपाबद्दल काही बोलणार होतो, पण बायकोने माझ्याकडे बघितलं.

"ह्यां बघ," काकू एका चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "आम्ही मशीन ह्या कोपऱ्यात हलवलेलां ना, तेव्हाचां. आणि ह्यां गणपतीतलां. गावची माणसां इलेली, दिवसभर आंघोळीच आंघोळी. म्हणून काळां झालां."

"नाही काकू, तो काळा मी नंतर टाकला. मनाने."

"मनान?"

"हो. तिथे काहीतरी जड हवं वाटलं म्हणून."

काकूंनी विचार केला. "तरी बरोबर पडलो," म्हणाल्या. मग मोठ्या चित्राच्या कोऱ्या कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि हयसर?"

"तिथे अजून ती यायची होती."

एकदम काकूंचे डोळे भरून आले. का, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर बायकोला त्या म्हणाल्या, की इतकी वर्षं जिन्यात जो तो त्यांना 'तुमचं पाणी, तुमचं पाणी' म्हणून बोलला, कुणी एकदा तरी सांगितलं असतं की त्याचं हे होतंय. बायको त्यांचा हात धरून बसली होती. मी ओशाळून चहा ठेवायला उठलो.

चहा केला, काकू गेल्या. मला वाटलं, निदान आपण केलेला गबाळेपणा तरी निस्तरावा. मी ओलं फडकं आणि पॉलिश पेपर घेऊन मागच्या खोलीत शिरलो, तो चौकोन घासून काढायला.

ती भिंतीपाशी उकिडवी बसली होती. हातात पेन्सिल. माझ्या चौकोनाच्या कडेने हलकी रेघ मारत होती. एका कोपऱ्यात खिळ्यामुळे गोणपाट दुमडलं होतं, तिथे चहाचा एक ओघळ बाहेर आला होता. त्याच्याभोवती ती पेन्सिल अगदी सावकाश फिरवत होती.

"हे काय करतेस? मी साफ करतोय ना."

"हात लावलात तर बघा," ती मान न वळवता म्हणाली. "एक भिंत साफ केलीत तेवढी पुरे."

मी फडकं पाठीमागे लपवलं आणि चोरासारखा बाहेर आलो. थोड्या वेळाने आतून उलथन्याचा आवाज यायला लागला. तो आवाज ऐकून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, अगदी पुरणपोळीच्या वेळीही नाही. तिने मैत्रिणीला परत फोन केला तेव्हा मी मुद्दाम गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ऐकू यावं म्हणून.

प्रदर्शनाच्या दिवशी चित्रं टेम्पोतून निघाली. शीळ रोड, मुंब्रा बायपास, माजिवड्याच्या पुलाखाली मुलगी सामील झाली. काकूंनी आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं की त्या येणार, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसणार. बायको आणि मैत्रिणी रिक्षाने पुढे गेलेल्या. मी मागे, चित्रांमध्ये, दोन्ही हातांनी मोठा कॅनव्हास धरून. प्रत्येक खड्ड्याला मला कारणांच्या रांगा आठवत होत्या.

दालनात मधल्या भिंतीवर ते चित्र लागलं. वरून सगळ्या ओल्या, वळणाच्या, एकमेकींत शिरणाऱ्या कडा खाली येतात, आणि खाली उजवीकडे, जिथे त्यांनी आणखी सावकाश काहीतरी व्हायला हवं होतं, तिथे एक फिका तपकिरी चौकोन त्यांना आडवा येतो. जरासा तिरका. एका कोपऱ्यातून त्याचा ओघळ निसटलेला. मला ते बघून हसू यायला हवं होतं. त्या सगळ्या वाहत्या गोष्टींत तो चौकोन इतका मदत करायला आल्यासारखा उभा होता, की माझ्याच्याने हसवेना.

काकू नव्या साडीत त्यांच्या चित्रांशेजारी उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "ह्यां आमच्या न्हाणीतलां." लोक माना डोलवत होते. कुणाला ते चित्राचं नाव वाटलं असावं. मी मात्र ठरवून गप्प होतो. त्या दिवशी नाम-रूपाचा मी ब्रसुद्धा काढला नाही, याची नोंद मुलीनेही घेतली.

दुपारी एक दाढीवाला तरुण आला. कुठल्याशा आर्ट स्कूलमध्ये शिकवतो म्हणाला. मोठ्या चित्रासमोर तो बराच वेळ उभा राहिला, मागे गेला, पुढे आला. बाहेर एसटीने हॉर्न दिला तरी हलला नाही. मग बायकोला म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं प्रवाही आहे आणि हा चौकोन एकदम हट्टी आहे. पण हा इथे हवाच होता. हो ना?"

माझा जीव कानांत आला.

बायकोने चौकोनाकडे बोट केलं, पण बघितलं माझ्याकडे.

"हवा नव्हता," ती म्हणाली. "पण आता काढता यायचा नाही."

"तो सरांचो," काकूंनी शेजारून खुलासा केला.